मागच्यांनी झेललेलं गाणं

पांढुर्ण्याकडच्या खेड्यात रात्रीचं भजन उठल्यावर कसं झालं म्हणून विचारलं, तर उत्तर पुढे बसून गाणाऱ्याबद्दल क्वचितच येतं. मागच्यांनी चांगलं झेललं, असं म्हणतात. किंवा म्हणतात, पुढचा एकटाच पळाला, मागचे मागेच राहिले. आवाज गोड होता का, ताना घेतल्या का, हे नंतर निघतं, आणि तेही आपण खोदून विचारलं तर.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘मोल’ हा विषय ठरवला आणि माझ्या वाट्याला संगीत आलं. संगीताचं मोल म्हटलं की मैफल, घराणं, तिकिटाचा दर आणि पुरस्कार यांच्याभोवती लिहिणं सोपं होतं. पण ज्यांनी गाण्यावर पोट भरलं नाही, ज्यांच्या गाण्याला तिकीट नाही आणि तरी कोणतं गाणं खरं, कोणतं वरवरचं, यावर जे तासन्‌तास भांडू शकतात, त्यांच्याकडे जावंसं वाटलं. म्हणून पांढुर्णा आणि सौंसर.

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की काटोल, नरखेड मागे पडतं आणि पांढुर्णा येतं. सौंसरला जायचं तर सावनेरवरून छिंदवाड्याची सडक धरायची. राज्य बदललेलं पाट्यांवरून कळतं, बोलण्यावरून नाही. दुकानाचं नाव हिंदीत, सातबाऱ्याच्या जागी खसरा, शाळेचं पुस्तक हिंदी. आणि घरात, शेतात, भांडणात नागपुरी वळणाची मराठी. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांचा मिळून छिंदवाड्यातून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. बाहेरच्यांना हा भाग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणाऱ्या गोटमारीमुळे ठाऊक आहे, फार तर संत्र्यामुळे किंवा जामसावळीच्या निजलेल्या मारुतीमुळे. इथल्या भजनाबद्दल कोणी फारसं लिहीत नाही.

पट्टी कोणासाठी

सौंसरजवळच्या एका गावात देवळाच्या ओट्यावर मंडळ बसलं होतं. थंडीचे दिवस. पेटी, तबला, दोन खंजिऱ्या, टाळ. मागे सात-आठ जण, त्यातले निम्मे शेतावरून थेट आलेले. मुख्य गायक पन्नाशीचा, आवाज मोकळा आणि वर चढणारा. पेटीवाल्याने सवयीने काळी चारचा सूर दाबला. त्याने मान हलवली आणि पट्टी खाली आणायला लावली. पेटीवाला काळी दोनवर आला.

मला हे विचित्र वाटलं. उघड्यावर, कर्ण्यासमोर, जो तो वरच्या पट्टीत गाऊन आवाज दाखवतो. आणि याचा आवाज तर तिथेच खुलतो. मध्यंतरात चहा आला तेव्हा विचारलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. मागे बसलेल्या दोघा म्हाताऱ्यांना वरची पट्टी पुरत नाही. ते गप्प बसतात नाही तर ओरडतात. गप्प बसले तर भजन अर्धं झालं, ओरडले तर पूर्ण गेलं.

त्या रात्री मला या भागातल्या गाण्याची पहिली कसोटी दिसली. पुढचा गायक स्वतःच्या गळ्याचा किती भाग मागच्यांसाठी सोडतो, हे इथले जाणते आधी पाहतात. ओळ कुठे तोडायची, हेही त्यात येतं. पुढच्याने ओळ अशा जागी ठेवायची की मागच्यांना श्वास घेऊन ती उचलता यावी. शेवटचं अक्षर लांबवून त्यावर हरकत घेतली की मागच्यांची समेची जागा चुकते, टाळ एक मात्रा उशिरा पडतो आणि सगळा ठेका हलतो. ऐकणाऱ्याला ती हरकत सुंदर वाटेल. मंडळात तिला चूक म्हणतात.

लयीचंही तसंच. भजन संथ सुरू होतं, मध्ये चढतं, शेवटी द्रुत होतं आणि खंजिरी बोलायला लागते. पण पहिल्याच पदाला जो लय चढवतो त्याच्याकडे मध्यरात्रीनंतर काही उरत नाही. सप्ताहात पहाटेपर्यंत बसायचं असतं. कोण दहाला चांगलं गातो हे सगळ्यांना कळतं; कोण तीनला गातो ते पाहायला जागावं लागतं, आणि जाणते जागतात.

खंजिरीचं पान

या टापूत खंजिरी घराघरांत पोचली ती राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेल्या माणिकने, म्हणजे पुढच्या तुकडोजींनी, एका हातात मावणाऱ्या या वाद्यावर गावोगाव भजनं केली. १९३५ साली सालबर्डीला त्यांचा मोठा यज्ञ झाला; सालबर्डी अमरावती आणि बैतूल यांच्या सीमेवर, म्हणजे याच डोंगरपट्ट्यात. त्यांनी मराठीत लिहिलं तसं हिंदीतही लिहिलं, आणि पांढुर्ण्यासारख्या दोन भाषांत जगणाऱ्या गावाला ते नेमकं पुरलं. घरातली आजी मराठी पद म्हणते, शाळेतला नातू हिंदी, आणि खंजिरी तीच.

खंजिरी घेताना जाणता माणूस काय करतो, ते मी जवळून पाहिलं. त्याने आधी ती वाजवलीच नाही. कडं बोटाने चाचपत फिरवलं. लाकडाला गाठ आहे का, जोडावर चीर आहे का. मग पान उन्हाकडे धरलं. कातडं पातळ असेल तिथे उजेड जास्त येतो, आणि तिथेच ते पुढे सैल पडतं. मग झांजांच्या चकत्या एकेक बोटाने हलवल्या. खिळ्यावर फार ढिल्या चकत्या थाप संपल्यावरही किणकिणत राहतात आणि पुढच्या थापेत घुसतात. सगळं झाल्यावर काठावर एक थाप, मध्यावर एक. काठाचा आवाज कोरडा हवा, मधला भरलेला. दोन्हींत फरक ऐकू आला नाही, तर त्याने खंजिरी परत ठेवली.

थंडीत आणि पावसाळ्यात कातडं ओल धरतं. म्हणून बैठकीच्या आधी शेकोटीवर दुरून फिरवून पान शेकतात. कडकडून ताणलं तर मागून पाण्याचं बोट फिरवून उतरवतात. वाजवताना डाव्या हाताची बोटं आतून पानावर दाब देतात, त्याने आवाज खालीवर होतो. आता फायबरचं पान आलं. त्याला ना शेक लागतो ना पाणी, ते पावसातही वाजतं आणि लहान मुलांच्या हातून फाटत नाही. महिला मंडळांनी आणि शाळांनी ते आनंदाने घेतलं, आणि त्यात मला काही वाईट दिसत नाही. पण जुने वादक म्हणतात, फायबरला डावा हात कळत नाही. मी दोन्ही ऐकल्या. त्यांचं खरं आहे. आघात स्वच्छ येतो, पण आतून दाबलेल्या बोटाने आवाज वाकतो तसा फायबरवर वाकत नाही, आणि खंजिरीचं बोलणं त्या वाकण्यात असतं.

टेबलावरचा कागद

विदर्भात आणि या सीमेवर खंजिरी भजन स्पर्धा हा थंडीतला मोठा कार्यक्रम असतो. मांडव, ट्यूबलाइट, पुरुष गट, महिला गट, बालगट. बक्षिसं बहुधा कोणाच्या तरी स्मृतिप्रीत्यर्थ. परीक्षक एका बाजूला टेबल घेऊन बसतात आणि त्यांच्या पुढ्यातल्या कागदावर रकाने आखलेले असतात: सूर, ताल, शब्दोच्चार, सादरीकरण, शिस्त. एकसारखा पोशाख असला की शिस्तीत फायदा होतो. वेळ ठरलेला, आणि तो संपला की घंटी.

घंटीवर सगळ्यांचा राग असतो. भजन रंगायला लागतं त्याच सुमाराला ती वाजते, असं प्रत्येक मंडळ म्हणतं. यात तथ्य आहे, कारण संथ सुरुवात करणाऱ्या मंडळाला ठरलेल्या मिनिटांत वर पोचायला वेळच उरत नाही. म्हणून स्पर्धेची म्हणून एक गायकी तयार झाली आहे: पहिल्याच ओळीला जोर, लगेच द्रुत, मध्ये खंजिरीची जुगलबंदी आणि शेवट एकदम तोडून. ही गायकी कमअस्सल आहे, असं मी म्हणणार नाही. बालगटातल्या दहा-बारा वर्षांच्या मुली ज्या तयारीने खंजिरी वाजवतात ती तयारी स्पर्धा नसती तर झाली नसती. पण एका परीक्षकाने मला जे सांगितलं ते लक्षात राहिलं. कागदावर एका मंडळाला पहिला क्रमांक द्यावा लागतो, आणि घरी सप्ताह असला तर बोलावणं दुसऱ्याच मंडळाला जातं.

कागदावर गाणं तोलण्याची ही रीत अलीकडची. नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली. बाळकृष्ण केसकर माहितीमंत्री असताना, १९५२नंतर, कलावंतांच्या ध्वनिचाचणीची आणि श्रेणीची पद्धत देशभर पक्की झाली. बी, बी हाय, ए, टॉप. गाणाऱ्याच्या नावामागे अक्षर लागलं की त्याची बिदागी ठरते आणि गावातली पतही. त्याच आकाशवाणीने १९४०पासून तीस वर्षं हार्मोनियमला दार बंद केलं होतं. सूर ठरावीक, मींड नाही, म्हणून पेटी भारतीय संगीताला अपायकारक, असा तो निवाडा. संगीताच्या एका बाजूने पाहिलं तर युक्तिवाद खोटा नव्हता. पण त्या तीस वर्षांत देवळाच्या ओट्यावरची पेटी हलली नाही. तिथे पेटीकडून मींड हवीच नव्हती. मागच्या आठ जणांना एका पट्टीवर धरून ठेवणं, हे तिचं काम होतं, आणि त्या कामात तिच्यासारखं दुसरं वाद्य गावात मिळत नाही. वाद्य चांगलं की वाईट, हे ते कोणाच्या कामाला येतं यावर ठरतं. तो निवाडा देणाऱ्यांपुढे मागचे आठ जण नव्हते.

देवगिरीचा हिशेब

गाणाऱ्याचे दोष मोजण्याची हौस मात्र जुनी आहे, आणि ती आपल्याच मातीतली. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारात, सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात गायकाचे पंचवीस दोष दिले आहेत. दात आवळून गाणारा, भीत गाणारा, कावळ्यासारखा आवाज काढणारा, उंटासारखी मान वर करणारा, गाल फुगवणारा, गळ्याच्या शिरा ताणणारा, डोळे मिटून घेणारा, नाकात गाणारा, आणि ज्याचे शब्द कळत नाहीत असा.

ही यादी मी एका भजनी बुवांना मराठीत सांगितली. ते ऐकताना हसले, आणि एकेका दोषाला आसपासच्या गावातलं एकेक उदाहरण देत गेले. पण डोळे मिटण्याला त्यांनी दोष मानलं नाही. आधी. मग थोडं थांबून म्हणाले, पुढच्याने मिटू नये, मागच्यांकडे कोण पाहणार? शब्द न कळण्याचा दोष मात्र त्यांनी सगळ्यांच्या वर ठेवला. पद कितीही सुरात असो, बाजेवर पडून ऐकणाऱ्या म्हातारीला शब्द पोचला नाही तर ते भजन झालं नाही.

शार्ङ्गदेवाने गायकांचे पाच प्रकारही केले आहेत: शिकवू शकणारा, दुसऱ्याची नक्कल करणारा, स्वतः रसात बुडणारा, ऐकणाऱ्याला रंजवणारा आणि गाण्यात नवा भाव आणणारा. बुवांच्या गावात पहिल्याचा मान सगळ्यात मोठा. ज्याच्या हाताखाली चार पोरं तयार झाली त्याचा गळा बसला, दात पडले, तरी ओट्यावर त्याची जागा भिंतीला टेकून, मधोमध राहते. ज्याने आपल्या पदांची वही कुणाला उतरवू दिली नाही, तो कितीही मोठा गाणारा असला तरी त्याचं नाव काढताना लोक आवाज उतरवतात.

सिनेमाच्या चालीवरून मात्र मंडळात दोन तट पडतात. तरुणांचं म्हणणं, ओळखीची चाल लावली की लोक लगेच उचलतात, मग तुमचीच कसोटी पूर्ण झाली की नाही? म्हाताऱ्यांचं म्हणणं, लोक चाल उचलतात, पद उचलत नाहीत. तोंड भजन म्हणतं आणि मनात सिनेमातलं गाणं चालू असतं. मला म्हाताऱ्यांचं पटतं. पण ज्या गावात शब्द पोचवणारा एकही गायक उरला नाही, तिथे ओट्यावर निदान गर्दी टिकते ती तरुणांच्या चालींमुळेच.

चढावरचं पद

महाशिवरात्रीला चौरागडाच्या आणि नागपंचमीच्या सुमाराला नागद्वारीच्या यात्रेसाठी विदर्भातून माणसं पचमढीला निघतात. नागपूरकडून जाणाऱ्यांचा रस्ता सौंसरवरून छिंदवाड्याला जातो. खांद्यावर त्रिशूळ, पाठीवर गाठोडं आणि तोंडी महादेवाची गाणी. ही गाणी बसून ऐकली तर साधी वाटतात. ओळ तोकडी, चाल तीन-चार सुरांत फिरणारी, तेच ते पुन्हा. ती चालताना ऐकावी लागतात. चढावर दम लागतो तेव्हा लांब ओळ कोणाला म्हणता येत नाही. एकाने ओळ टाकायची, मागच्यांनी ती घेईपर्यंत त्याने श्वास भरायचा. पाऊल आणि शब्द बरोबर पडले की चढ थोडा हलका होतो. जे गाणं पायाला जमलं नाही, ते पुढच्या वर्षी कोणी म्हणत नाही. त्याची निवड अशी डोंगरच करतो, आणि त्यावर अपील नाही.

मांडवाबाहेरचे

एक गोष्ट भजनाच्या ओट्यावर बसून दिसत नाही. लग्नात, वरातीत, मयतीत ज्यांच्या डफड्यावाचून गावाचं पान हललं नाही, ते वाजंत्री कित्येक पिढ्या मांडवाच्या बाहेर बसले. वाजवणं जातीने वाटून दिलेलं. त्यांच्या वादनाचं मोल शेवटच्या पंगतीत, उरलेल्या धान्यात, कोणी ओवाळून टाकलेल्या नाण्यात चुकवलं गेलं. वाद्याला शिवणारे हात चांगले की नाहीत याचा निवाडा गावाने वाद्य ऐकण्याआधीच केलेला होता.

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर या मुलखातल्या अनेक घरांनी डफडं खाली ठेवलं. त्या ठेवण्यात संगीताबद्दलचं मत होतं, असं मी मानतो: जी कला लाचारीची खूण म्हणून वाजवावी लागते ती कितीही तयारीची असली तरी टाकून देण्याजोगी आहे. त्याच घरांतून पुढे पेटी, ढोलक आणि खंजिरी घेऊन भीमगीतं उभी राहिली, आणि वामनदादा कर्डकांसारख्यांचे शब्द गावोगाव गेले. १४ एप्रिलला सौंसर-पांढुर्ण्याकडच्या वस्त्यांत ही गाणी ऐकताना श्रोत्यांची कसोटी पुन्हा तीच दिसते, शब्दाची. फक्त इथे शब्द चुकला तर मध्येच थांबवून दुरुस्त करणारा माणूस पहिल्या रांगेत बसलेला असतो.

डफडं काही घरांत राहिलं. एका वादकाने मला जाड टिपरी आणि बारीक काडी यांतला फरक हातावर वाजवून दाखवला. वरातीत कोण चांगलं वाजवतो, या प्रश्नाला त्याचं उत्तर होतं: ज्याच्या मागे म्हातारी माणसंही चालतात तो. पोरं कशावरही नाचतात. आता वरातीला डीजे असतो. त्याचा आवाज छातीत बसतो आणि त्याला हात दुखत नाहीत. आणि या वादकाला एका रात्रीचं जे मिळतं त्याच्या कितीतरी पट डीजेला मिळतं.

पैशाचं काय

शाहिरीत आणि भजनात चालू पदाला नोट पुढे येते. गायक थांबतो, देणाऱ्याचं नाव घेतो, पुन्हा पद उचलतो. बाहेरच्याला हे व्यत्ययासारखं वाटतं. पण कुठल्या ओळीला नोट आली, हे मंडळातले लक्षात ठेवतात. द्रुतच्या गोंधळात आलेल्या नोटेपेक्षा संथ पदाच्या शब्दाला आलेली दहाची नोट मोठी, असं ते मानतात.

मयतीच्या घरी मात्र पैसा नाही. कोणी गेलं की मंडळ टाळ-मृदंग घेऊन अंत्ययात्रेपुढे चालतं. त्यासाठी बोलावणं लागत नाही आणि बिदागी विचारली जात नाही. ढाली-चषकांनी कपाट भरलेलं मंडळ गावातल्या मयतीला आलं नाही, तर पुढच्या सप्ताहात त्याला जागा मिळणं अवघड होतं. गाण्याच्या दर्जाशी याचा काय संबंध, असा प्रश्न मला सुरुवातीला पडला. इथे तो कोणाला पडत नाही.

सरकारकडून येणारं मोल सीमेवर अडतं. महाराष्ट्र शासन ज्येष्ठ कलावंतांना दरमहा मानधन देतं, ते तिथल्या रहिवाशांना. नरखेडचा भजनी त्यासाठी अर्ज करू शकतो. पांढुर्ण्याचा, त्याच गुरूचा चेला, तीच पदं गाणारा, करू शकत नाही. भोपाळला मराठी साहित्य अकादमी आहे, पण ओट्यावरच्या भजन्याला भोपाळ लांब पडतं आणि हिंदीत अर्ज भरून आपण मराठी गाणारे आहोत हे पटवावं लागतं. हे दुरुस्त होण्याजोगं आहे. दोन्ही राज्यांनी मनावर घेतलं तर सीमेवरच्या मंडळांची एक यादी करायला फार काळ लागणार नाही.

निघण्याच्या आधी सौंसरच्या त्याच मंडळात वाद चालू होता. पुढच्या हंगामात पुढे कोणी बसायचं? एक कॉलेजातला मुलगा, आवाज पाण्यासारखा स्वच्छ, ताना तयार. दुसरा किराणा दुकानात कामाला, गळा जाडा, पण त्याने ओळ टाकली की मागचे न सांगता उचलतात. पेटीवाला पहिल्याच्या बाजूने, तबलजी दुसऱ्याच्या. मुख्य गायकाने दोघांकडून एकेक पद म्हणवून घेतलं आणि स्वतः मागे, टाळकऱ्यांत जाऊन बसला. शेवटी ठरलं ते असं: स्पर्धेला कॉलेजातला मुलगा पुढे बसेल, सप्ताहाला दुकानातला. पेटीवाल्याला हे अर्धवट वाटलं आणि त्याने तसं बोलून दाखवलं. स्पर्धेचा अर्ज त्याच रात्री भरला गेला; सप्ताहासाठी कॉलेजातल्या मुलाला टाळ देण्यात आला, मागच्या ओळीत, दोघा म्हाताऱ्यांच्या मध्ये.